धेंपो स्पोर्ट्स क्लब

धेंपो स्पोर्ट्स क्लब : गोव्यातील एक अग्रगण्य फुटबॉल संस्था. तिचे स्थापनावर्ष १९६८ मानले जाते. खाणउद्योगातून पुढे आलेल्या पणजीच्या धेंपो उद्योगसमूहाने ती उभारली व सांभाळली. २००४–०५ ते २०११–१२ या आठ हंगामांत या संघाने राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे अजिंक्यपद पाच वेळा पटकाविले. फुटबॉलच्या बाबतीत कोलकात्याचे वर्चस्व गृहीत धरण्याची सवय लागलेल्या देशात ही कामगिरी असाधारण होती. तथापि संस्थेचे महत्त्व केवळ तिच्या विजयांत नाही. एका घराण्याच्या नावाचा क्लब खेड्यापाड्यांतील खेळाडूंच्या बळावर राष्ट्रीय पातळीवर कसा पोहोचतो आणि खेळाचे नियम पैशाच्या व्यवहाराने बदलू लागताच त्याच्यापुढे कोणते पेच उभे राहतात, हे या संस्थेच्या इतिहासात स्पष्टपणे दिसून येते.

नावाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. पोर्तुगीज वळणाच्या रोमन लेखनामुळे गोव्याबाहेरील मराठी वाचक हे नाव बहुधा ‘डेंपो’ असे उच्चारतात. गोव्यात ते ‘धेंपो’ असेच बोलले व छापले जाते आणि पणजीनजीकच्या मिरामार येथील प्रसिद्ध महाविद्यालयाच्या नावात त्याचे ‘धेंपे’ असे रूप आढळते. वसंतराव धेंपो यांनी विस्तारलेल्या या समूहाने खाणींबरोबरच वृत्तपत्रव्यवसायातही पाऊल टाकले. नवहिंद टाइम्स (१९६३) हे इंग्रजी व नवप्रभा (१९७०) हे मराठी दैनिक त्याच समूहाची होत. मुक्तीनंतरच्या गोव्यात शाळा-महाविद्यालय, वर्तमानपत्र आणि फुटबॉल संघ ही प्रतिष्ठित घराण्याची तीन सार्वजनिक लक्षणे होऊन बसली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

गोव्यात फुटबॉल पोर्तुगीजांनी आणला, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचे श्रेय विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूस दिले जाते. १८८३ मध्ये त्यांनी बार्देश महालातील शिवोली येथे विद्यार्थ्यांना हा खेळ शिकविला आणि पुढे हडफडे येथील सेंट जोसेफ शाळेत तो रुजविला. म्हणजे इटलीतील जेनोआ येथे इंग्रजांनी १८९३ मध्ये आपला क्रिकेट व फुटबॉल क्लब काढला, त्याच्या दहा वर्षे आधी बार्देशातील मुले चेंडू लाथाडीत होती. दोन्हीकडे खेळ परक्यांकडून आला. पण इटलीत तो बंदरावरच्या व्यापाऱ्यांकडून शहरात शिरला, तर गोव्यात धर्मगुरू-शिक्षकांकडून गावात. या फरकाचा परिणाम दूरगामी ठरला. गोमंतकीय फुटबॉलचा मूळ घटक शहर नसून गाव हा आहे. चर्चलगतचे पटांगण हे त्याचे पहिले मैदान. भातकापणी आटोपली की मोकळी झालेली शेते हे दुसरे. फेस्ताच्या म्हणजे ग्रामसंताच्या वार्षिक उत्सवाच्या निमित्ताने होणारे आंतरग्राम सामने ही त्याची पहिली स्पर्धा. सासष्टी व बार्देश या महालांत आजही खेळाडूची ओळख सांगताना आधी गाव सांगितले जाते, क्लब नंतर.

या ग्रामीण पायावर संघटित क्लबांची इमारत चढली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. याच काळात गोव्यातील लोहखनिजाला जपानमध्ये मोठी मागणी निर्माण झाली. डिचोली, सत्तरी, सांगे या अंतर्भागांतून निघालेले खनिज बार्जमधून मांडवी व झुवारी या नद्यांवाटे मुरगाव बंदरात येऊ लागले आणि त्याबरोबर काही घराण्यांच्या हाती पूर्वी कल्पनेतही नसलेली संपत्ती आली. वास्को स्पोर्ट्स क्लब १९५१ मध्ये, तर साळगावकर खाणसमूहाचा क्लब १९५६ मध्ये स्थापन झाला. १९५९ मध्ये गोवा फुटबॉल संघटना अस्तित्वात आली. १९६१ च्या मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक व खेळांचे चाहते होते. त्यांच्या नावाच्या सुवर्णचषक स्पर्धेने १९७० च्या सुमारास बाहेरच्या नामवंत संघांना गोव्यात आणले. धेंपो क्लबचा उदय याच वातावरणात झाला.

खाणसमूहांनी संघ का पोसले, याची कारणे एकेरी नव्हती. हौस होतीच. दोन घराण्यांमधील व्यापारी चुरस मैदानावर अधिक सभ्यपणे खेळता येत होती, हेही खरे. परंतु आणखी एक सामाजिक कारण दुर्लक्षिता येत नाही. खाणमालक प्रामुख्याने हिंदू घराण्यांतील होते, तर खेळाडू व प्रेक्षक बहुसंख्येने ख्रिस्ती गावांतून येत. गोव्याच्या भवितव्यावरून, भाषेवरून आणि विलीनीकरणाच्या प्रश्नावरून १९६० नंतरच्या दशकात समाज दुभंगलेला असताना फुटबॉलचे मैदान हे दोन्ही समाजांना एकाच बाजूने ओरडता येईल असे दुर्मिळ स्थान होते. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. सकाळी कचेरी अथवा गोदी व सायंकाळी सराव असा त्याचा दिनक्रम असे. पुष्कळ कुटुंबांना परदेशी जहाजावर वा आखातात न जाता मुलगा गावात राहण्याची ही एकमेव सोय वाटली, तर नवल नाही. इटलीत तूरिन येथील विद्यार्थ्यांनी १८९७ मध्ये काढलेला यूव्हेंतुस हा क्लब १९२३ पासून फिअट मोटारींच्या आन्येल्ली घराण्याशी जोडला गेला, त्याची येथे आठवण होते. मात्र आन्येल्लींना देशभर पसरलेला चाहतावर्ग लाभला. धेंपोंचा चाहतावर्ग एका छोट्या प्रदेशापुरताच राहिला.

गोव्याबाहेर धेंपो हे नाव प्रथम गाजले ते मुंबईत. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेचे अंतिम सामने कूपरेज मैदानावर होत. धेंपो संघाने १९७४, १९७८ व १९७९ या वर्षी हा चषक जिंकला. मुंबईत या विजयांना विशेष अर्थ होता. धोबी तलाव परिसरात गोमंतकीय गावांच्या ‘कूड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसतिसंस्था होत्या. जहाजावर चढण्याची वाट पाहणारे खलाशी, आचारी, वादक तेथे गावानुसार एकत्र राहत. कूपरेज तेथून हाकेच्या अंतरावर होते. मुंबईच्या फुटबॉललाही या वस्तीने पुष्कळ दिले होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे गोमंतकीय वंशाचे व मुंबईच्या टाटा संघाचे खेळाडू होते. इतरांच्या संघांतून खेळणाऱ्या या समाजाला गोव्याहून आलेला स्वतःचा संघ चषक उचलताना पाहावयास मिळाला.

पुढील दीड-दोन दशके धेंपो हा गोव्यातील मोठ्या संघांपैकी एक होता, पण निर्विवाद पहिला नव्हता. राज्याचा संघ १९८२–८३ मध्ये बंगालसह संयुक्तपणे व १९८३–८४ मध्ये एकट्याने संतोष करंडकाचा मानकरी ठरला. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे या पिढीचे सर्वांत मोठे नाव. ते साळगावकर संघाचे. त्याच संघाने १९८८ व १९८९ मध्ये लागोपाठ फेडरेशन चषक जिंकून गोव्यातील क्लबांची पत वाढविली. १९९६–९७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा पहिले विजेतेपद पंजाबातील फगवाडा येथील जेसीटी या गिरणीच्या संघास मिळाले आणि १९९८–९९ मध्ये ते साळगावकर संघाकडे आले. धेंपोला आपल्या पाळीसाठी आणखी सहा वर्षे थांबावे लागले.

या पाळीची तयारी आर्मांदो कुलासो यांनी केली. २००० ते २०१३ पर्यंत ते संघाचे प्रशिक्षक होते. भारतीय क्लबांत प्रशिक्षकाची खुर्ची हंगामागणिक रिकामी होते. त्या मानाने ही कारकीर्द अपवादात्मक दीर्घ होय. त्यांची पद्धत दिसावयास साधी होती : चेंडू जमिनीवर ठेवावा, आखूड पास द्यावेत आणि संघाचा कणा गोव्यातील मुलांचा असावा. समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा आदी खेळाडू त्यांच्या हाताखाली वाढले व भारतीय संघात गेले. २०११ मध्ये कुलासो यांच्याकडे काही काळ राष्ट्रीय संघाचीही धुरा आली. २०२४ च्या द्रोणाचार्य पुरस्काराने त्यांच्या कार्याचा गौरव झाला. हा गौरव बराच उशिरा झाला, असे मानणारे अनेक आहेत.

विजयमालिकेचा आरंभ मात्र एका मृत्यूने झाला. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथील कांतीरवा क्रीडांगणावर फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोची गाठ मोहन बागानशी पडली. संघाचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन्ही गोल केले व संघ २–० असा विजयी झाला. दुसरा गोल करताना प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्याचे वय अवघे २५ होते. सामन्याच्या ठिकाणी तातडीची वैद्यकीय मदत अपुरी असल्याचे या घटनेने उघड केले आणि भारतीय मैदानांवरील सुरक्षिततेची चर्चा प्रथमच गांभीर्याने सुरू झाली. क्लबने त्याचा दहा क्रमांकाचा पोशाख निवृत्त केला. त्याच हंगामात धेंपोने राष्ट्रीय लीगही जिंकली. दुसऱ्या क्रमांकावर स्पोर्टिंग क्लब द गोवा होता. दोन्ही वरची स्थाने एकाच लहान राज्यात आली.

त्यानंतरचा काळ भरभराटीचा. २००६ मध्ये दिल्लीचा ड्युरँड चषक, २००६–०७ मध्ये पुन्हा राष्ट्रीय लीग आणि २००७–०८ मध्ये तिची जागा घेतलेल्या आय-लीगचे पहिले अजिंक्यपद, असे यश संघाने मिळविले. या पहिल्या आय-लीगमध्ये धेंपो आणि वार्का गावचा चर्चिल ब्रदर्स या दोघांचेही ३६ गुण झाले व सरस कामगिरीच्या निकषावर धेंपो विजयी ठरला. २००९–१० व २०११–१२ मध्ये आणखी दोन अजिंक्यपदे आली. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स हा या काळातील प्रमुख गोलकर्ता. २०११–१२ च्या हंगामात त्याने ३२ गोल केले. ब्राझीलचा बेटो हा मध्यफळीचा सूत्रधार दीर्घकाळ संघात राहिला. परदेशी खेळाडू गोल करीत, त्यामुळे वृत्तपत्रांचे मथळे त्यांचे झाले. परंतु धेंपोचा खेळ ओळखू येई तो त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गोमंतकीय मध्यफळीमुळे व बचावफळीमुळे. २००८ मध्ये एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा धेंपो हा पहिला भारतीय क्लब ठरला. तेथे लेबाननच्या साफा संघाने त्याला रोखले.

२००४–०५ ते २०१२–१३ या नऊ हंगामांतील राष्ट्रीय विजेत्यांची यादी पाहिली, तर धेंपो पाच वेळा, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा व साळगावकर एकदा, अशी आठ अजिंक्यपदे गोव्यात आली. उरलेले एक, २००५–०६ चे, मुंबईच्या महिंद्र युनायटेडचे. या एकुलत्या अपवादाची पुढील कथा बोधक आहे. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये कंपनीच्या निर्णयाने बंद झाला आणि पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, जेसीटीचाही शेवट झाला. मुंबईतील मफतलाल, ऑर्के यांसारखे गिरण्यांचे संघ त्याआधीच इतिहासजमा झाले होते. मालकाचा हिशेब बदलला की संघ नाहीसा होतो आणि त्याच्यामागे रडणारे गाव नसते, ही कंपनी-संघांची मूलभूत दुर्बलता होय. धेंपो क्लबवरही ही वेळ येऊ शकली असती. समूहाने २००९ मध्ये आपला खाणव्यवसाय सेसा गोवा कंपनीस विकला. ज्या खनिजावर क्लब उभा राहिला, त्याच्याशी मालकांचा संबंध तुटला. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकामच न्यायालयीन आदेशाने थांबले व राज्याच्या अर्थव्यवस्थेला हादरा बसला. तरीही क्लब टिकला, याचे श्रेय घराण्याच्या निष्ठेला द्यावे लागेल. संघ बंद केल्यास गोव्यात तोंड दाखविणे अवघड झाले असते, हेही तितकेच खरे.

संकट आले ते निराळ्याच दिशेने. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही नवी स्पर्धा सुरू झाली. तिच्यातील स्थान खेळून मिळवावयाचे नव्हते, तर शुल्क भरून घ्यावयाचे होते. पराभवामुळे खालच्या श्रेणीत जाण्याची भीतीही तिच्यात नव्हती. संघ शहरांच्या नावाने निघाले. मुंबई सिटी या संघाचे पहिल्या दोन हंगामांतील घरचे मैदान मुंबईत नव्हे, तर नवी मुंबईत नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडांगणात होते. हे भव्य क्रीडांगण २००८ पासून वापरात होते. सिडकोने आखलेल्या या नव्या शहरात क्रीडांगण आधी आले, नाव शेजारच्या महानगराचे लागले आणि प्रेक्षकांनी संघ आपला मानावा, ही अपेक्षा शेवटी आली. शिवोली-वार्क्यासारख्या गावांतील क्रम याच्या नेमका उलटा होता. तेथे आधी प्रेक्षक होते, मग संघ झाला व क्रीडांगण सर्वांत शेवटी बांधले गेले : मडगावनजीकच्या फातोर्डा येथील नेहरू स्टेडियम १९८९ चे आहे. अर्थात नेरूळच्या मैदानाला कमी लेखण्याचे कारण नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकातील स्पेन–माली उपांत्य सामना आणि २०२२ च्या त्याच वयोगटाच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तेथे झाला व नवी मुंबईतील मुलांना जागतिक दर्जाचा खेळ घराजवळ पाहता आला.

गोव्यासाठी नव्या स्पर्धेत एफसी गोवा हा संघ निघाला. त्याच्या मूळ भागीदारांत धेंपो व साळगावकर या दोन्ही घराण्यांचे प्रतिनिधी होते आणि पहिल्या वर्षी धेंपोचे अनेक खेळाडू त्याच संघातून खेळले. ब्राझीलचे विख्यात खेळाडू झिको यांनी त्याचे मार्गदर्शन केले. २०१५ मध्ये फातोर्डा येथे झालेल्या अंतिम सामन्यात, इटलीचा माजी विश्वविजेता मार्को मातेरात्सी प्रशिक्षक असलेल्या चेन्नईयिन संघाने त्याचा ३–२ असा पराभव केला. जुन्या क्लबांना मात्र याची किंमत मोजावी लागली. प्रायोजक, दूरचित्रवाणी व प्रेक्षक नव्या स्पर्धेकडे वळले. धेंपो संघ २०१४–१५ च्या आय-लीगमधून दुसऱ्या श्रेणीत घसरला. घसरल्यावर त्याने नियमानुसार करावयाचे तेच केले : २०१५–१६ ची दुसरी श्रेणी जिंकून वरचे स्थान परत मिळविले.

परंतु २०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने मांडलेल्या पुनर्रचनेच्या आराखड्यात सुपर लीगला सर्वोच्च स्थान आणि आय-लीगला त्याखालचे स्थान देण्यात आले. खालून वर जाण्याची वाट त्यात नव्हती. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला क्लब कितीही जिंकला, तरी पहिल्या श्रेणीत येऊ शकणार नव्हता. धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या तिन्ही गोमंतकीय संघांनी निषेध म्हणून त्याच वर्षी आय-लीगमधून अंग काढून घेतले. या निर्णयाविषयी मतभेद आहेत. माघारीमुळे गोव्यातील तरुण खेळाडूंची एक संपूर्ण पिढी राष्ट्रीय स्पर्धेस मुकली, असा आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. नव्या व्यवस्थेचे प्रारंभीचे भागीदार याच घराण्यांतील असल्याने निषेधाची धारही काहीशी बोथट झाली. असे असले तरी मूळ मुद्दा क्लबांच्याच बाजूचा होता. फुटबॉलमध्ये लहान गावाच्या संघाला मोठ्या शहराच्या संघाइतकाच हक्क असतो तो केवळ चढती-उतरतीच्या नियमामुळे. हा नियम गेला, तर साखळी स्पर्धा ही निमंत्रितांची मेजवानी होते. २०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या मध्यस्थीने जो मार्ग आखला गेला, त्यात आय-लीगच्या विजेत्याला वर जाण्याची तरतूद करावी लागली आणि २०२२–२३ चा विजेता पंजाबचा संघ त्या मार्गाने प्रथम वर गेला.

मधल्या वर्षांत धेंपो क्लब गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये तरुण खेळाडूंना घेऊन खेळत राहिला. बाहेर गेलेली त्याची माणसे अन्यत्र चमकत होती. क्लिफर्ड मिरांडा यांच्या मार्गदर्शनाखाली ओडिशा संघाने २०२३ चा सुपर चषक जिंकला. धेंपोच्या बचावफळीचा एकेकाळचा आधारस्तंभ महेश गवळी यांनी वयोगटांतील भारतीय संघांच्या प्रशिक्षणात लक्ष घातले. २०२३–२४ मध्ये धेंपो क्लबने राष्ट्रीय तृतीय श्रेणीत म्हणजे ‘आय-लीग २’ मध्ये दुसरे स्थान मिळविले आणि २०२४–२५ च्या हंगामात तो आय-लीगमध्ये परतला. प्रशिक्षक होते समीर नाईक. कुलासो यांच्या काळात ते याच संघाच्या बचावफळीत खेळत असत.